वाजता वाजता बंद पडणारा वूफर : दुरुस्तीच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार

दसरा असल्यामुळे सकाळी गाडी धुऊन तिला झेंडूचा हार घातला आणि संध्याकाळी सोने द्यायला सहकुटुंब बाहेर पडलो. अंधार पडल्यावर हेडलाइट आणि एसी चालू असताना ढोल-ताशाचे एक ध्वनिमुद्रण लावले, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला डिकीतला वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, एकदम गप्प झाला. दारांतले स्पीकर वाजतच होते. चार-पाच सेकंदांनी वूफर आपोआप परत आला आणि पुढच्या मोठ्या ठोक्याला पुन्हा गेला. प्रत्येक ठोक्याबरोबर डॅशबोर्डचे दिवेही किंचित मंद होत होते. परतीच्या वाटेवर एका गतिरोधकावरून जातानाही तो एकदा बंद पडला, पण ती त्याच दुखण्याची पुनरावृत्ती असावी असे समजून मी ती गोष्ट सोडून दिली. ती तशी सोडायला नको होती.

सामान असे आहे. गाडी २०१३ सालची डिझेल हॅचबॅक. डिकीत १२ इंची वूफर, त्याच्या ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्यामुळे एकूण भार २ ओहम. २ ओहमला ५०० वॅट देणारा, क्लास-डी जातीचा एक मोनो अ‍ॅम्प (वूफरसाठी आवाजाचा संकेत वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर). बॅटरी बॉनेटखाली आणि अ‍ॅम्प मागच्या सीटच्या पाठीला, म्हणजे मधल्या तारेची लांबी साधारण साडेपाच मीटर. हे सर्व दोन वर्षांपूर्वी एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातून बसवून घेतले होते आणि तारांचा संच त्यांनीच ‘८ गेज’ म्हणून दिला होता (गेज हे तारेच्या जाडीचे माप, आकडा जितका लहान तितकी तार जाड).

१३ ऑक्टोबर, रविवार

मल्टिमीटर घेऊन बसलो. बॅटरीवर १२.५ व्होल्ट, अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर १२.५ व्होल्ट, फ्यूज शाबूत. रिमोटच्या, म्हणजे स्टिरिओकडून अ‍ॅम्पला चालू होण्याचा हुकूम देणाऱ्या, निळ्या-पांढऱ्या तारेवरही १२ व्होल्टच्या वर दाब. तारा ठीक आहेत आणि बॅटरीच भाराखाली बसत असणार, असा निष्कर्ष मी वहीत लिहून टाकला.

हे माप इंजिन बंद आणि संगीत बंद असताना घेतलेले होते. तारेतून विद्युतप्रवाह वाहतच नसेल, तर तार कितीही वाईट असली तरी तिच्या दोन्ही टोकांना दाब सारखाच दिसतो. ही गोष्ट मला शाळेपासून माहीत आहे, आणि तरीही मी तसेच मोजले. पुढचे सात हजार तीनशे रुपये याच एका मापामुळे गेले.

२० ऑक्टोबर, रविवार

नवी बॅटरी बसवली. जुनी परत दिल्यावर ५,४०० रुपये पडले. जुनी साडेतीन वर्षांची होती, तेव्हा आज ना उद्या बदलावीच लागली असती अशी मनाची समजूत घातली. संध्याकाळी तेच ध्वनिमुद्रण लावले आणि चौथ्या ठोक्याला वूफर बंद पडला.

२३ ऑक्टोबर, बुधवार

१ फॅरडचा कपॅसिटर १,९०० रुपयांना आणला. रिकामा कपॅसिटर थेट जोडायचा नसतो. आधी रोधकातून किंवा गाडीच्या एखाद्या बल्बमधून तो हळूहळू भरून घ्यायचा असतो. मी घाईत तसाच जोडला. मोठी ठिणगी उडाली आणि पान्याच्या टोकाला वाटाण्याएवढा खळगा पडला. हाताला काही झाले नाही, हे नशीब.

परिणाम जवळजवळ शून्य. ताशाचे तुटक ठोके थोडे सुधारल्यासारखे वाटले, पण लांबलेला खर्ज आला की अ‍ॅम्प आधीसारखाच बंद. रात्री हिशेब मांडला तेव्हा कारण समजले. दाब १३.५ वरून १०.५ पर्यंत उतरेतो १ फॅरडच्या कपॅसिटरमधून ३ कूलोम भार बाहेर पडतो, आणि अ‍ॅम्पला ३५-४० अँपियर लागत असतील तर तेवढा भार सेकंदाच्या बाराव्या-तेराव्या भागात संपतो. हा हिशेब खरेदीच्या आधी मांडायला दहा मिनिटेही लागली नसती.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रवाह किती जातो ते पाहावे म्हणून शेजाऱ्यांकडून क्लॅम्प मीटर आणला. संगीत पूर्ण जोरात, दिवे मिचमिचत आहेत आणि मीटरवर शून्य! तासभर तार बदलून, बाजू बदलून पाहिले. शेवटी मीटर उलटा करून त्यामागचा मजकूर वाचला, तर तो फक्त घरगुती एसी (प्रत्यावर्ती) प्रवाह मोजणारा निघाला. गाडीतला डीसी (एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह मोजायला दोन्ही प्रवाह मोजणारा क्लॅम्प लागतो. दिसायला दोन्ही सारखेच असतात.

रात्री मेहुण्याला फोन केला. तो सोलर पॅनेल बसवण्याचे काम करतो, त्यामुळे त्याच्याकडे तसा क्लॅम्प आहे. सगळी हकिकत ऐकून घेतल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला : “दाजी, वाजत असताना मोजलंत का?”

२७ ऑक्टोबर, रविवार

मेहुणा क्लॅम्प घेऊन सकाळीच आला. आज जे मोजले ते सविस्तर लिहितो, कारण या साऱ्या खटाटोपात खऱ्या उपयोगाचा दिवस हाच.

संगीतावर मोजता येत नाही, कारण आकडा सतत नाचतो. म्हणून ५० हर्ट्झचा सलग सूर पेन ड्राइव्हवर घेतला, इंजिन चालू ठेवले, हेडलाइट लावले आणि अ‍ॅम्प बंद पडण्याच्या जरा अलीकडे आवाज स्थिर केला. वूफरची कॉइल तापू नये म्हणून सूर एका वेळी दहा सेकंदांहून जास्त वाजवला नाही. तेवढ्यानेही वरच्या मजल्यावरून कोणीतरी खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. क्लॅम्पवर ३६ अँपियर, बॅटरीच्या खुंट्यांवर १३.५ व्होल्ट आणि त्याच क्षणी अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर १०.३ व्होल्ट. माझ्या अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकानुसार १० व्होल्टच्या खाली तो स्वतःच्या रक्षणासाठी बंद होतो. म्हणजे बॅटरीही बरी होती आणि अल्टरनेटरही बरा होता, फक्त मधल्या वाटेत ३.२ व्होल्ट गळत होते.

ही गळती कुठे होते ते शोधण्यासाठी मीटरची एक सळई घंटीच्या साध्या बारीक तारेने सहा मीटर वाढवली. मीटर स्वतः प्रवाह जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे ही तार बारीक असली तरी चालते. मग वाटेचा एकेक तुकडा घेऊन, सूर वाजत असताना, त्या तुकड्याच्या दोन टोकांमधला दाब पाहिला. चांगल्या तुकड्यावर हा आकडा जवळजवळ शून्य यायला हवा.

धन बाजूला बॅटरीच्या खुंटीपासून फ्यूजच्या डबीपर्यंत ०.१५ व्होल्ट. काचेचा गोल फ्यूज असलेल्या त्या डबीच्या दोन टोकांत एकदम ०.७५. डबीपासून अ‍ॅम्पपर्यंतच्या तारेत १.० व्होल्ट. एकूण १.९.

ऋण बाजूकडे माझे लक्षही गेले नसते, ती मोजायला मेहुण्याने लावले. अ‍ॅम्पपासून अर्थच्या लगपर्यंत (अ‍ॅम्पची परतीची तार गाडीच्या पत्र्याला जिने जोडतात ती धातूची कडी) ०.१ आणि गाडीच्या पत्र्यापासून बॅटरीच्या ऋण खुंटीपर्यंत ०.२, पण लग आणि तो ज्यावर घट्ट बसवलेला आहे तो पत्रा, या एकमेकांना चिकटलेल्या दोन वस्तूंच्या मध्येच १.० व्होल्ट! सूर थांबवून त्या बोल्टाला हात लावला तर चटका बसला. ३६ अँपियर आणि १ व्होल्ट म्हणजे ३६ वॅट उष्णता, सोल्डरिंगच्या मध्यम इस्त्रीएवढी, आणि ती मागच्या सीटच्या कापडाला लागून.

२८ ऑक्टोबर, सोमवार

कामावरून आल्यावर आधी अर्थ घेतला, कारण त्याला खर्च नव्हता. दुकानदाराने अर्थची तार मागच्या सीटच्या पाठीच्या कंसाच्या बोल्टाखाली दाबली होती. बोल्ट सोडवला तेव्हा लगच्या खाली कारखान्याचा रंग जसाच्या तसा दिसला, आणि बोल्टाच्या आट्यांना तो सैल होऊ नये म्हणून लावतात तो निळा चिकट पदार्थ होता. पत्र्यापर्यंत प्रवाह जो काही पोचत होता तो बोल्टाच्या आट्यांतून, वेड्यावाकड्या वाटेने. दोन वर्षे चालले हेच आश्चर्य.

तो बोल्ट सोडून दिला. सीटचे आणि सीट-बेल्टचे बोल्ट या कामाला वापरू नयेत. जाड पत्र्यावरची दुसरी जागा निवडली, पत्र्याच्या पलीकडे डिझेलची टाकी, नळी किंवा तारा नाहीत हे गाडीखाली वाकून पाहिले आणि मगच ८ मिलिमीटरचे भोक पाडले. भोकाभोवती रुपयाच्या नाण्याएवढा रंग सँडपेपरने पत्रा चमकेपर्यंत घासून काढला. लग थेट पत्र्यावर, त्यावर दातेरी वॉशर, मग नट-बोल्ट. घट्ट केल्यावर गंज चढू नये म्हणून वरून व्हॅसलीन फासले. लगच्या खाली मात्र काहीही लावलेले नाही.

लग ते पत्रा हे माप १.० वरून ०.०३ वर आले आणि अ‍ॅम्पवर आता ११.३ व्होल्ट मिळू लागले. ढोल-ताशा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजला. दिवाळी तोंडावर असल्याने फ्यूजची डबी आणि तार नंतर पाहू असे ठरवले. दुखणे कुठे आहे ते मोजून वहीत लिहिलेले असतानाही ते तसेच ठेवून मी प्रवासाला निघालो, ही माझी सर्वांत मोठी चूक.

३ नोव्हेंबर, रविवार (भाऊबीज)

साताऱ्याला बहिणीकडे निघालो होतो. वूफर आता मध्ये बंद पडत नसल्यामुळे पुण्यापासून तो मनसोक्त वाजवला. खंबाटकीचा चढ लागण्याच्या थोडे आधी एसीच्या हवेतून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडले तर फ्यूजची डबी मेणासारखी बसली होती. फ्यूज मात्र उडालेला नव्हता. यात फ्यूजचा दोष नाही. फ्यूज उडतो तो मर्यादेबाहेरच्या प्रवाहाने, आणि इथे प्रवाह मर्यादेतच होता. गोल फ्यूजची टोपी आणि डबीतली सैल पट्टी यांच्यातल्या स्पर्शातच २७ वॅट उष्णता तयार होत होती. आधी अर्थची अडचण प्रवाहाला थोडी तरी आवरत असणार आणि अ‍ॅम्प अधूनमधून बंद पडून डबीला निवायला वेळ देत असणार. मी अर्धेच काम केल्यामुळे उरलेला सगळा भार डबीवर आला.

बॅटरीवरून धन तार सोडवली, तिच्या टोकाला टेप गुंडाळला आणि उरलेला प्रवास वूफरशिवाय केला. बहिणीने ओवाळताना हाताला कसला वास येतो म्हणून विचारले.

९ आणि १० नोव्हेंबर, शनिवार-रविवार

तार बदलली. गाडीच्या साउंड सिस्टिमसाठी म्हणून मिळणाऱ्या तारांच्या संचांवर आता विश्वास राहिला नव्हता, म्हणून बुधवार पेठेत जाऊन विजेच्या पॅनेलसाठी वापरतात ती २५ चौरस मिलिमीटरची लवचीक तांब्याची केबल घेतली. तिच्यावर छेदाचा आकडा छापलेला असतो आणि मीटरमागे ०.७८ मिलिओहम हा रोधही ठरलेला असतो. साडेसात मीटर २,३५० रुपये, लग २४० रुपये, पट्टीच्या जातीचा ८० अँपियरचा एएनएल फ्यूज डबीसह ४५० रुपये. लग घरी पकडीने दाबण्याच्या भानगडीत पडलो नाही. पॅनेल बनवणाऱ्या एका कारागिराकडे हायड्रॉलिक यंत्रावर आठ लग दाबून घेतले, त्याने शंभर रुपये घेतले.

केबल ओढताना वेळ गेला. जुनी तार बाहेर ओढताना तिच्याच शेपटाला नवी बांधून आत घ्यावी ही युक्ती चांगली वाटली, पण गाठ जाड झाली आणि डाव्या दाराच्या उंबऱ्यातल्या प्लॅस्टिकखाली अडकून बसली. ती सोडवताना प्लॅस्टिकच्या तीन क्लिपा तुटल्या आणि दोन तास गेले. इंजिनाकडून आत येणाऱ्या रबरी बुचातून केबल जाईना, तेव्हा बुचाला छोटी चीर देऊन केबलला साबणाचे पाणी लावले आणि ती सहज सरकली. फ्यूज बॅटरीपासून ३० सेंटिमीटरवर बसवला, कारण तारेचे संरक्षण फ्यूजच्या पुढेच सुरू होते, आणि बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तुकडा कुठे घासला तर थेट आगीची भीती. अ‍ॅम्पचे टर्मिनल ४ गेजपुरतेच मोठे असल्याने २५ चौरस मिलिमीटरची जुडी त्यात मावेना. काही तारा कापून ती बारीक करण्याचा मोह झाला, पण त्याऐवजी दुसऱ्या दिवशी जाऊन टोकदार पिन लग आणले. बॅटरीच्या ऋण खुंटीपासून बॉडीपर्यंत त्याच केबलचा हातभर तुकडा जादा टाकला. ज्या नव्या गाड्यांत ऋण खुंटीवर सेन्सर असतो त्यांत असा तुकडा खुंटीला न जोडता सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूला जोडावा लागतो. माझ्या गाडीत तो नाही.

पुन्हा ५० हर्ट्झचा सूर. ३८ अँपियर, बॅटरीवर १३.६ आणि अ‍ॅम्पवर १३.३ व्होल्ट.

एक हिशेब मात्र जुळला नाही, तो इथे नोंदवून ठेवतो. जुन्या तारेचे बाहेरचे आवरण ७ मिलिमीटर जाडीचे होते, पण ते सोलल्यावर आतली जुडी व्हर्नियरने जेमतेम ३ मिलिमीटर भरली. तारांमधल्या पोकळ्या वजा केल्या तर छेद फार तर ५.३ चौरस मिलिमीटर, म्हणजे खऱ्या ८ गेजच्या ८.४ च्या मानाने खूपच कमी. तेवढ्या छेदाच्या तांब्याचा साडेपाच मीटरचा रोध १८ मिलिओहम यायला हवा. पण २७ तारखेला १.० व्होल्ट आणि ३६ अँपियर होते, म्हणजे २८ मिलिओहम. वरचे १० कुठून आले ते कळले नाही. टोकाच्या तारा काळवंडल्या होत्या, त्यामुळे लगच्या सांध्यातला रोध असेल असे धरून चाललो.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसातून येताना गतिरोधकावर वूफर पुन्हा बंद. क्षणभर गाडी विकून टाकावी असे वाटले.

या वेळी मात्र डिकी उघडून अ‍ॅम्पकडे पाहिले. दाब कमी पडून अ‍ॅम्प बंद होतो तेव्हा त्याच्यावरचा लाल प्रोटेक्ट दिवा लागतो. आज एकही दिवा नव्हता. म्हणजे अ‍ॅम्पला चालू राहण्याचा हुकूमच मिळत नव्हता. मुलाला मागे मीटर धरून बसवले आणि स्टिरिओच्या मागच्या तारांचा झुपका हाताने हलवला, तेव्हा रिमोटच्या टर्मिनलवर १२ आणि शून्य असा खेळ त्याने मोठ्याने वाचून दाखवला. निळ्या-पांढऱ्या तारेचा सांधा नुसता पिळून वर टेप मारलेला होता, आणि उन्हाने तो टेप चिकट गुळासारखा होऊन सांध्यावरून सरकला होता. सोल्डरचा डाग देऊन वर आकुंचन पावणारी नळी चढवली. खर्च शून्य, वेळ चाळीस मिनिटे.

दसऱ्याच्या दिवशी गतिरोधकावर जे घडले होते ते हेच. दुखणी दोन होती आणि मी ती एकच समजून चाललो होतो. पहिल्याच दिवशी अ‍ॅम्पच्या दिव्याचा रंग पाहिला असता तर दोन्ही वेगळी झाली असती.

१७ नोव्हेंबर, रविवार

दाब पुरेसा मिळू लागल्यावर आवाज मोठा झाला, पण फाटका येऊ लागला. दुकानदाराने अ‍ॅम्पवरचा गेनचा (संकेत किती वाढवायचा ते ठरवणारा) स्क्रू शेवटपर्यंत फिरवून बास बूस्टही (खर्ज आणखी चढवणारी सोय) पूर्ण ठेवला होता. तारेतली गळती भरून काढण्याचा तो त्याचा उपाय असावा. बूस्ट शून्यावर आणला. वूफरच्या तारा सोडवल्या, स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांश ठेवला आणि अ‍ॅम्पच्या बाहेर जाणाऱ्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजत गेन फिरवला. ५०० वॅट आणि २ ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ ३१.६ येते, मी ३० व्होल्टवर थांबलो. साधे मल्टिमीटर ५० हर्ट्झवर बरोबर माप देते, म्हणून या कामाला हाच सूर सोयीचा.

८ डिसेंबर, रविवार

तीन आठवडे काही झाले नाही. अर्थचा बोल्ट आज पुन्हा मोजला, ०.०३ कायम. कपॅसिटर काढून फडताळात ठेवला आहे. कोणी विकत घेईल असे वाटत नाही.

जुनी तार रद्दीबरोबर भंगारवाल्याला दिली आणि तांब्याचा भाव मागितला. त्याने टोकाच्या दोन-तीन तारा चिमटीत धरल्या, खिशातल्या ब्लेडने हलकेच खरवडल्या आणि माझ्यासमोर धरल्या. लाल पापुद्र्याखाली त्या पांढऱ्याफेक होत्या. “साहेब, हे अ‍ॅल्युमिनियम आहे. वरून नुसता तांब्याचा मुलामा,” असे म्हणून त्याने अ‍ॅल्युमिनियमचा भाव लावला, आणि त्यातूनही रबराचे वजन वजा केले.

वर येऊन वही काढली. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो. १८ ला १.६ ने गुणले, उत्तर २८.८ आले.